सोयाबीन पुन्हा पिवळं पडतंय? लोहाची कमतरता की पिवळा मोझॅक, हे ओळखायच्या तपासण्या

पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून फुलोऱ्यापर्यंत मराठवाडा आणि विदर्भातून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: युरिया टाकला, सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारली, तरी सोयाबीन पिवळंच. बहुतेक वेळा औषधात खोट नसते. निदान चुकलेलं असतं. भुकेने पिवळं पडलेलं पान आणि विषाणूने पिवळं केलेलं पान रस्त्यावरून सारखंच दिसतं. आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात. पहिल्या पानाला हरितद्रव्य बनवायला सामान मिळत नाही. दुसऱ्यात सामान असतं, पण बनवणारी यंत्रणाच मोडलेली असते. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

लक्षणं

लोहाची कमतरता: शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, हिरव्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखं पान. खालची जुनी पानं हिरवीगार. फार वाढलं की कोवळं पान पांढुरकं होतं आणि कडेने करपतं. संततधार पावसानंतर, चुनखडीच्या किंवा पाणी धरणाऱ्या जागी पट्टाच्या पट्टा पिवळा होतो.

पिवळा मोझॅक (काही भागांत केवडा किंवा हळद्याही म्हणतात): कोवळ्या पानावर आधी बारीक पिवळे ठिपके येतात, मग त्यांचे वेडेवाकडे चट्टे होतात. पिवळा आणि हिरवा रंग सरमिसळ राहतो, शिरांची हद्द पाळत नाही. एक झाड पिवळंधमक आणि त्याला खेटून उभं असलेलं झाड निरोगी, असं दिसतं. पान जुनं झालं की पिवळ्या भागात गंजासारखे तपकिरी ठिपके उमटतात. शेंगा कमी लागतात, दाणा बारीक राहतो.

नत्राची कमतरता: पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो, पान सगळं सारखं फिकट होतं.

तणनाशकाचा झटका: इमॅझेथापायर फवारल्यावर आठवड्याभरात नवी पानं फिकट पडतात, वाढ थबकते. जिथे फवाऱ्याचा पट्टा दुबार झाला तिथे जास्त. नवीन पान चांगलं निघालं की विषय संपतो.

खोडमाशी आणि मूळकूज हे दोघेही पिवळेपणाच्या वेषात येतात. त्यांचं पुढे.

१. शेतात उभं राहून आकार बघा (खर्च शून्य)

पान हातात घ्यायच्या आधी पिवळेपणा कुठे कुठे आहे ते बघा. खोलगट भाग, जुनी बांधाची जागा, चुनखडीचे खडे वर आलेला तुकडा असा जमिनीचा आकार पिवळेपणाने घेतला असेल तर दोष जमिनीत किंवा पाण्यात आहे. तासाच्या (पेरणीच्या ओळीच्या) सरळ रेषेत, फवाऱ्याच्या रुंदीएवढा असेल तर फवारणीत आहे. इथे एक, तिथे दोन अशी झाडं विखुरलेली असतील आणि बांधाकडे, उन्हाळी मुगाच्या किंवा उन्हाळी सोयाबीनच्या बाजूला जास्त असतील, तर पांढऱ्या माशीने आणलेल्या रोगाचा, म्हणजे मोझॅकचा, संशय धरा.

पिवळ्या झाडांजवळ काड्या रोवून ठेवा आणि पाच दिवसांनी पुन्हा बघा. वापसा आल्यावर लोहाचा पिवळेपणा बऱ्याचदा आपोआप कमी होतो. मोझॅक कमी होत नाही, काड्यांच्या बाहेर नवी झाडं दिसू लागतात. नुसत्या या तपासणीने निम्मा घोळ सुटतो, पण पाच दिवस थांबायची कुणाची तयारी नसते आणि तेवढ्यात दुकानातून दोन बाटल्या येतात.

२. पान उलटं करा (खर्च शून्य, भिंग असेल तर बरं)

सकाळी आठच्या आत जा. ऊन तापलं की पांढरी माशी चाहूल लागताच उडते आणि शेतात माशी नाहीच असा गैरसमज होतो. झाड न हलवता पान हळूच उलटं करा. प्रौढ माशी पांढरी, पिठूळ, जेमतेम मिलिमीटरभर. तिची पिल्लं फिकट, चपट्या खवल्यांसारखी पानाला चिकटून बसतात, जागा सोडत नाहीत. शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी दहा झाडं बघा.

इतक्या माश्या दिसल्या तरच फवारायचं, हा हिशेब रस शोषून होणाऱ्या नुकसानासाठी ठीक आहे. मोझॅकला तो पुरत नाही. विषाणू घेतलेली माशी तो पुढे जिवंत असेपर्यंत पसरवत राहते, त्यामुळे थोड्याच माश्या पुरेशा होतात. शिवाय लागण झाल्यावर लक्षण दिसायला एक-दोन आठवडे जातात. आज पिवळं दिसणारं झाड मागच्या पंधरवड्यातल्या माशीचं आहे. आज माशी सापडली नाही म्हणून मोझॅक नाही, असं ठरवू नका.

३. झाड उपटा, खोड चिरा (खर्च दोन-चार झाडं)

मातीसकट झाड काढा, मुळं बादलीत धुवा. मुळांवरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती हवेतला नत्र बांधतेय, तो लाल रंग लोह असलेल्या लेगहिमोग्लोबिनचा. पांढरी, हिरवट किंवा राखाडी गाठ काम करत नाही. पानं खालून फिकट आणि गाठी पांढऱ्या, तर नत्राचा प्रश्न आहे. पाणी साचून मुळांना हवा मिळत नसेल तरीही असंच होतं, आणि तेव्हा पहिला उपाय चर काढून पाणी बाहेर काढणं हाच.

मग खोड उभं चिरा. आत लालसर नागमोडी बोगदा दिसला तर खोडमाशी. मुळाची साल सोलल्यावर कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले तर ती बुरशीची कोरडी मूळकूज, म्हणजे चारकोल रॉट. २०२३ च्या सप्टेंबरात विदर्भात हजारो एकर सोयाबीन पिवळं पडून वाळलं, तेव्हा पिवळा मोझॅक आणि हे बुरशीचे रोग एकाच शेतात सोबत सापडत होते. एक कारण सापडलं म्हणून तपासणी तिथेच थांबवू नका.

४. हिराकसाची पान-चाचणी (खर्च पाच-दहा रुपये)

या सगळ्यांत सर्वांत कामाची चाचणी हीच, म्हणून नीट करा.

एक लिटर स्वच्छ पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, मग ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घाला, वर दोन थेंब स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं). द्रावण फिकट हिरवट दिसलं पाहिजे. तपकिरी झालं तर फेकून द्या: लोह फेरिक रूपात जाऊन गंज बनलेला असतो आणि पान ते घेऊ शकत नाही. क्षाराच्या, बायकार्बोनेटच्या विहिरीच्या पाण्यात हे फार लवकर होतं. सायट्रिक आम्ल त्यासाठीच, आणि ते आधीच घालायचं. कालचं द्रावण आज वापरू नका.

सोयाबीनचं पान तीन पर्णिकांचं असतं, याचा फायदा घ्या. शेंड्याकडून दुसरं किंवा तिसरं पिवळं पान निवडा. संध्याकाळी फक्त मधल्या पर्णिकेला मऊ ब्रशने किंवा कापसाने द्रावण लावा. दोन बाजूच्या पर्णिका कोरड्या ठेवा. देठाला रंगीत दोरा बांधा. किमान दहा झाडांवर करा, त्यांत विखुरलेलीही घ्या आणि पट्ट्यातलीही. त्या रात्री पाऊस झाला तर पुन्हा करा.

पाच ते सात दिवसांनी बघा:

मधली पर्णिका हिरवी, बाजूच्या पिवळ्या: लोहाची कमतरता. लोह पानात इकडून तिकडे फारसं सरकत नाही, म्हणून लावलं तिथेच हिरवं होतं.

तिन्ही हिरव्या: वापसा आला, झाडाने स्वतःच लोह उचललं. काही करायची गरज नाही.

तिन्ही पिवळ्या, चट्टे वाढलेले: लोह दिलं तरी पानाला वापरता आलं नाही. मोझॅक धरून पुढे चला.

काही झाडं हिरवी, काही नाही: दोन्ही दोष एकत्र आहेत. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे.

संपूर्ण शेतावर फवारून बघू, असं करू नका. तुलनेला काहीच उरत नाही, आणि वापशाने आलेल्या हिरवेपणाचं श्रेय बाटलीला जातं. चाचणीच्या द्रावणात युरियाही मिसळू नका, नाहीतर कशाने हिरवं झालं ते कळणार नाही.

विषाणू पानात काय बदलतो

हे समजलं की वरच्या चाचण्यांचा अर्थ लागतो आणि पुढच्या चुका टळतात.

मोझॅकचा विषाणू पानाच्या अन्नवाहिन्यांच्या पेशींत वाढतो. त्याचं जनुकीय सामान म्हणजे डीएनएचे दोन छोटे गोल तुकडे. बाकी सगळं तो पेशीकडून वसूल करतो. हरितलवकांची कामं मंदावतात, हरितद्रव्य घटतं आणि आधीपासून पानात असलेला पिवळा कॅरोटिनॉइड रंग उघडा पडतो. पिवळा रंग वाढलेला नसतो, वरचा हिरवा पडदा गेलेला असतो. कॅरोटिनॉइडही पुढे कमी होतात, पण हरितद्रव्याच्या मानाने सावकाश.

दुसरा बदल साखरेचा. निरोगी पान दिवसा बनवलेला स्टार्च रात्रीत साखर करून शेंगांकडे पाठवतं. अन्नवाहिन्यांत बिघाड झाला की ही रवानगी अडते आणि साखर पानातच तुंबते. कोठार भरलेलं आहे असं समजून पान प्रकाशसंश्लेषण आणखी कमी करतं. दाणा बारीक राहतो त्याचं मोठं कारण इथे आहे. पान पिवळं आहे म्हणून ते उपाशी असतं असं नाही. कित्येकदा त्याच्या पोटात साखर अडकलेली असते आणि उपाशी शेंग असते.

तिसरा बदल बचावाच्या रसायनांचा. झाडाला विषाणूची चाहूल लागली की सॅलिसिलिक आम्ल वाढतं, फिनॉलवर्गीय पदार्थ वाढतात, पेरॉक्सिडेज आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज ही विकरं (एन्झाइम) जोर धरतात. फिनॉल ऑक्सिडाइज होऊन तपकिरी पडतात. जुन्या मोझॅक-पानावरचे गंजासारखे ठिपके त्यातूनच येतात. त्यांना तांबेरा समजून बुरशीनाशक फवारलं तर पैसे वाया जातात. तांबेऱ्याचे फोड पानाच्या खालच्या बाजूला उंचवट्यासारखे बोटाला लागतात आणि भिंगातून भुकटी दिसते. इथे तसं काही नसतं.

चौथा बदल सर्वांत धूर्त आहे. किडीविरुद्धचा बचाव जॅस्मोनिक आम्लाच्या संकेतावर चालतो, आणि सॅलिसिलिकचा मार्ग चालू झाला की तो बहुधा दबतो. या गटातले काही विषाणू तर हा संकेत स्वतःच दाबतात. शिवाय आजारी पानात प्रथिनं मोडून मुक्त अमिनो आम्लं वाढतात. असं पान रस शोषणाऱ्या किडीला सोपं आणि पौष्टिक जेवण ठरतं. आता त्यावर युरियाची फवारणी केली तर काय होईल? कोवळा, अमिनो आम्लांनी भरलेला पाला आणखी वाढतो आणि माशीला मेजवानी मिळते. पिवळं दिसलं की युरिया, ही सवय मोझॅकच्या शेतात उलटी पडते ती अशी.

सॅलिसिलिक आम्लाचं नाव ऐकून काहीजण त्याच जातकुळीची ॲस्पिरिन फवारायला सांगतात. १९७९ साली इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन दिल्यावर टोबॅको मोझॅक विषाणूचे डाग कमी झाल्याचं दाखवलं, हे खरं. पण त्या तंबाखूत रोगाला अडवणारं जनुक मुळातच होतं, आणि ॲस्पिरिन लागणीच्या आधी दिलेलं होतं. सोयाबीनमध्ये शिरलेला मोझॅक त्याने निघत नाही. पिकात शिरलेला विषाणू मारणारं कोणतंही फवारणीचं औषध नाही. तसा दावा बाटलीवर असला तरी ती घेऊ नका.

५. आयोडीनची स्टार्च-चाचणी (खर्च पन्नास-शंभर रुपये, जरा खटाटोप)

पहाटे, सूर्य उगवायच्या आत, एक संशयित आणि एक निरोगी पान तोडा. दोन्ही झाडं आणि दोन्ही पानं एकाच वयाची हवीत. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा. मग चूल किंवा गॅस पूर्ण बंद करा, भांडं उतरवून दूर न्या आणि त्या गरम पाण्यात स्पिरिटची छोटी वाटी ठेवून पानं तीत टाका. स्पिरिट थेट आचेवर कधीही ठेवू नका, भडका उडतो. हरितद्रव्य उतरून पान फिकट झालं की साध्या पाण्यात धुवा, पांढऱ्या बशीत पसरा आणि टिंक्चर आयोडीनचे थेंब टाका.

निरोगी पानाने रात्रीत स्टार्च पाठवून दिलेला असतो, म्हणून ते पिवळट-तपकिरी राहतं. रवानगी अडलेल्या पानात निळसर-काळे डाग उमटतात. दुपारी तोडलेलं पान वापरलं तर दोन्ही काळी होतात, त्यातून काही कळत नाही.

ही चाचणी पुरावा म्हणून दुय्यम समजा. चक्रीभुंग्याने देठाभोवती खाप घेतली असेल किंवा पालाशची कमतरता असेल तरीही पानात स्टार्च साचतो. लागणीच्या फार पुढच्या टप्प्यात तर प्रकाशसंश्लेषणच इतकं घटतं की साचायला काही उरत नाही. हिराकसाच्या चाचणीने मोझॅक सुचवला आणि इथेही डाग उमटले, तर संशय पक्का होतो, एवढाच तिचा उपयोग.

६. माती आणि पानाचं पृथक्करण (खर्च काहीशे रुपये)

चौथ्या चाचणीत लोहाची कमतरता निघाली असेल तरच याचा खरा उपयोग आहे. मातीत सामू, मुक्त चुना आणि डीटीपीए लोह (पिकाला घेता येणारं लोह) तपासायला सांगा. डीटीपीए लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. सामू ८ च्या वर आणि चुना जास्त असेल तर आकडा बरा असूनही पीक पिवळं पडू शकतं. पावसाने माती गच्च झाली की मुळांचा कार्बन डायऑक्साइड आतच अडकतो, चुन्यासोबत बायकार्बोनेट तयार होतं, आणि लोह विरघळवण्यासाठी मूळ जे आम्ल सोडतं ते वाया जातं.

पानाच्या अहवालात एक फसगत ठरलेली आहे. चुनखडीच्या जमिनीतल्या पिवळ्या पानात एकूण लोह पुष्कळदा हिरव्या पानाइतकंच निघतं. ते असतं, पण वापरता येईल अशा फेरस रूपात नसतं. म्हणून ‘लोह पुरेसं’ असा अहवाल आला तरी पान-चाचणी हिरवी झाली असेल तर पान-चाचणीवर विश्वास ठेवा. विषाणू लागलेल्या पानाचं पृथक्करण तर करूच नका. पान खुरटलं की आतल्या अन्नद्रव्यांची टक्केवारी फुगते किंवा बिघडते आणि त्यावरून दिलेली खतशिफारस चुकते.

लोहच असेल तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. जमिनीतून ईडीटीए चिलेट देऊ नका, जास्त सामूत ते टिकत नाही. फवारणीला चालतं.

७. मोझॅक ठरला तर

पिवळी झाडं पहिल्या दिवसापासून काढा. सकाळी गारव्यात, झाडावर पोतं किंवा मोठी पिशवी घालून उपटा आणि खड्ड्यात पुरा. बांधावर टाकलेलं झाड सुकायला लागलं की त्यावरची माशी उठून निरोगी झाडावर जाते. पिवळे चिकट सापळे एकरी १० ते १२, पिकाच्या उंचीच्या जरा वर. माशी दिसत असेल तर थायामिथोक्झाम १२.६ टक्के अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ९.५ टक्के हे संयुक्त कीटकनाशक एकरी ५० मिली, २०० लिटर पाण्यातून, पानाच्या खालच्या बाजूला पोचेल असं. लेबल वाचून, हातमोजे-मास्क घालूनच. नुसत्या पायरेथ्रॉइडच्या (लॅम्बडा सायहॅलोथ्रिनच्या गटातल्या औषधांच्या) फवारण्या पुन्हा पुन्हा घेऊ नका, मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते. फवारणीनंतरही एक-दोन आठवडे नवी पिवळी झाडं दिसतील. ती आधीच्या लागणीची, औषध फसलं असं त्यावरून ठरवू नका.

शेंगा भरू लागल्यावर झाडं उपटण्यात फारसा फायदा नाही. ती मजुरी वाचवा.

पुढच्या हंगामासाठी: जेएस ३३५ हा वाण मोझॅकला बळी पडतो, जेएस ९७-५२ आणि जेएस २०-२९ प्रतिकारक म्हणून ओळखले जातात. आपल्या भागाला कोणता वाण शिफारशीत आहे ते बियाणं घेण्याआधी विचारा. बीजप्रक्रियेला थायामिथोक्झाम ३० एफएस १० मिली प्रति किलो. सुरुवातीच्या आठवड्यांत माशी रोखली तर नुकसान सर्वांत कमी होतं, कारण लागण जितकी लवकर तितक्या शेंगा कमी.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

खोड-मूळ तपासून, हिराकसाची चाचणी करूनही कारण सापडलं नाही तर आणखी काही फवारू नका. झाडं दोन-तीन दिवसांत अचानक कोमेजू लागली, पिवळी झाडं एका दिवसात उपटून संपणार नाहीत इतकी झाली, एक योग्य फवारणी होऊनही माशी तेवढीच राहिली, किंवा प्लॉट बियाण्याचा असला, तर त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा परभणी, अकोला, राहुरी यांपैकी आपल्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्रज्ञांना कळवा. पीक मोडायचा विचार असेल तर आधी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) प्लॉट दाखवा, फोटो काढून ठेवा. नांगर फिरल्यावर पाहणीला काही शिल्लक राहत नाही.

विषाणूची खात्री पीसीआरने (डीएनए ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने) होते, ती शेतावर होत नाही. नमुन्याला शेंड्याकडची लक्षणं असलेली पाच-सहा कोवळी पानं आणि वेगळ्या पिशवीत तेवढीच निरोगी पानं घ्या. कोरड्या टिश्यू पेपरात गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला, बर्फाच्या डब्यात ठेवा पण गोठवू नका, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीपर्यंत पोचवा. ते जमणार नसेल तर पानं सिलिका जेलमध्ये वाळवून पाठवली तरी चालतात, कारण हा विषाणू डीएनएचा आहे आणि वाळलेल्या पानात डीएनए टिकतो. पिशवीवर वाण, पेरणीची तारीख, लक्षण पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि आतापर्यंत काय काय फवारलं ते पेनाने लिहा. ओली, दमट प्लॅस्टिकमध्ये कोंबलेली पानं प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सडतात आणि नमुना पुन्हा पाठवावा लागतो.